मामांच्या चिमट्यांचं कपाट

ब्रेडच्या पिशवीचं तोंड बंद करायला प्लास्टिकची एक चपटी चिमटी असते, जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढी, मधल्या खाचेच्या तोंडाशी दोन बारीक दात. जग ती फेकून देतं. मामा देत नाहीत. त्यांच्याकडे अशा अकराशे चाळीस चिमट्या आहेत. ज्याला हसायचंय त्याने खुशाल हसावं. त्याची बत्तिशी कोणत्या खणात बसते ते मामा सांगतील.

मामा कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात शिपाई होते. एकतीस वर्षं त्यांनी बरण्या धुतल्या, सांगाडे पुसले, उंदीर-घुशींचे जबडे खणांत लावले. खरं नाव कुणी विचारलं नाही. सगळेच शिपाई मामा, तसे हेही मामा. एकदा त्यांनी धीर करून विभागप्रमुख सरांना सांगितलं होतं, "सर, हा जबडा चुकीच्या खणात ठेवलाय. याचे दात वेगळे आहेत." सर वर न बघता म्हणाले, "मामा, तुमचं काम पुसायचं." जबडा तिथेच राहिला, आणि ते वाक्य मामांच्या घशात हाडकासारखं अडकलं ते अडकलंच.

ते निवृत्त झाले त्याच वर्षी विभागाने जुनं लाकडी कपाट भंगारात काढलं. चोवीस उथळ खण, प्रत्येकावर सरकती काच. मामांनी ते मागून घेतलं. आता त्यात चिमट्या राहतात, कुळवार. ज्यांचं तोंड मोठं त्या 'अधाशी'. ज्यांचे दात झिजले त्या 'बोळक्या'. एक दात आत, एक बाहेर, त्या 'भांडकुदळ', आणि हे कुळ मामींच्या माहेरचं आहे असं मामा छातीठोकपणे सांगतात.

"माझ्या माहेरच्यांचे दोन्ही दात बाहेर आहेत," मामी स्वयंपाकघरातून ओरडतात. "नीट बघा!"

प्रत्येक चिमटीखाली चिठ्ठी : कुठे सापडली, कधी सापडली, आणि शेवटी 'संग्राहक : मामा'. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या माणसाचा हे लिहिताना ऊर भरून येतो. का येऊ नये?

अशात एके सकाळी सर दारात. आता ते प्राचार्य झाले होते. विभागाला पन्नास वर्षं पूर्ण होत होती, प्रदर्शनात मांडायला ते जुनं कपाट हवं होतं. खाली टेम्पो उभाच केला होता.

"भंगाराच्या यादीवर सही तुमचीच आहे सर," मामा म्हणाले. "मी जपून ठेवलीय."

"अहो, पण हा कचरा एखाद्या डब्यातही मावेल की!" सरांनी एक खण ओढला, काच सरकवली आणि एक चिमटी उचलली. "ही बघा. निळी, आणि पांढऱ्यांत? चुकलंय तुमचं." त्यांनी ती खालच्या खणातल्या निळ्यांत टाकूनही दिली.

मामा कपाटाशी आले. एकतीस वर्षांची सवय सांगत होती, गप्प बस. पण कपाट गेलं तर मागे काय उरणार? पुन्हा नुसते मामा आणि हातात फडकं.

"सर, रंगावर जाऊ नका," ते म्हणाले. "रंग फसवतो. दात बघा."

हे सरांचंच वाक्य. दरवर्षी पहिल्या तासाला टेबलावर हात आपटून ते पोरांना हेच सांगत, आणि मागे उभे राहून मामा ऐकत. सरांचे कान लाल झाले. त्यांनी ती चिमटी पुन्हा उचलली, खिडकीशी नेली, चष्मा चढवला आणि बराच वेळ बघितली. एक दात आत, एक बाहेर.

"भांडकुदळ," ते पुटपुटले आणि ती मूळच्या खणात परत ठेवली.

"कपाट मिळणार नाही," मामा म्हणाले. "आणि तो जबडा नव्या कपाटातही चुकीच्याच खणात असेल. प्रदर्शनाआधी हलवा, नाहीतर शोभा होईल."

सरांनी काच सरकवून खण लावला आणि ते दाराकडे वळले.

"सर, काचेवर तुमची बोटं उमटलीत." मामांनी फडकं पुढे केलं.

सरांनी फडक्याकडे बघितलं, मामांकडे बघितलं. मग खण पुन्हा ओढून काच पुसली, कोपऱ्यांसकट. टेम्पो रिकामाच गेला.