कुमुदताईंनी लिहिलेल्या दोन बाजू

७ सप्टेंबर. कुमुदताईंचं स्वयंपाकघर रिकामं करायचं काम माझ्याकडे आलं. मुलगा पुण्याला, घर भाड्याने द्यायचं ठरलेलं, आणि जादा किल्ली पहिल्यापासून माझ्याकडेच. डबे उतरवले, टोके पडलेला रवा फेकला. त्यांना जाऊन सहा आठवडे झाले होते. तेवढ्या दिवसांत रवा खराब होतो.

कुमुदताई कर्जतला शाळेत मराठी शिकवायच्या. माझी पिठाची गिरणी त्यांच्या घराला लागून, त्यामुळे आमची ओळख दळणापासून सुरू झाली आणि बरीच वर्षं दळणावरच चालली. वादविवाद स्पर्धा आली की मात्र त्या बदलायच्या. शाळेतली मुलं स्टेजवर तावातावाने जे बोलतात ते त्यांच्या बाईंनी लिहून दिलेलं असतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. कुमुदताई दोन्ही बाजू स्वतः लिहायच्या आणि वेळ सांभाळायलाही स्वतःच बसायच्या. शाळेची घंटी फुटकी होती म्हणून देव्हाऱ्यातली पितळी घंटी पिशवीत टाकून न्यायच्या. पहिल्यांदा वाजली की आवरतं घ्यायचं, दुसऱ्यांदा वाजली की थांबायचं. त्या दिवशी घरात देवाला नुसता दिवा.

एका वर्षी विषय होता, सगळ्यांना सरकारी खर्चाने उपचार मिळावेत की नाही. ताईंचं स्वतःचं मत ठाम होतं. मिळावेत, आणि दारात येणाऱ्या प्रत्येकाला मिळावेत. पण रात्र रात्र बसून त्यांनी लिहिली ती विरोधाची बाजू. मी विचारलं तर म्हणाल्या, "न पटणारं लिहायला कष्ट पडतात गं मंगल. पटतं ते काय, कसंही लिहिलं तरी चालतं."

विरोधाची बाजू प्रशांतला मिळाली. तांदळाच्या व्यापाऱ्याचा मुलगा, आवाज खणखणीत. "जे फुकट मिळतं त्याची किंमत राहत नाही, आणि ज्याची किंमत राहत नाही ते टिकत नाही," हे वाक्य त्याने असं टाकलं की परीक्षकांनीही माना डोलावल्या. दुसरी बाजू कुंभिवलीच्या संगीताकडे होती. ती मध्येच विसरली. ताई घंटी हातात धरून थांबून राहिल्या, वाजवली नाही. मागे कुजबुज सुरू झाली, मग हसू. संगीता खाली उतरली. ढाल प्रशांतला मिळाली आणि ती शाळेत आली म्हणून ताईंनी पेढे वाटले.

प्रशांत पुढे राजकारणात गेला. सगळ्यांना मोफत उपचाराचा कायदा करावा अशी चर्चा गेल्या वर्षी पेटली, तेव्हा त्याचा पक्ष विरोधात उभा राहिला. पिवळ्या-केशरी रेशनकार्डवाल्यांना सरकारी विमा आहे, बाकीच्यांनी आपलं आपण बघावं, असं त्यांचं म्हणणं. एका संध्याकाळी ताई गिरणीत आल्या, हातात मोबाईल. प्रशांत कुठल्याशा सभेत बोलत होता. जे फुकट मिळतं त्याची किंमत राहत नाही... ताई म्हणाल्या, "माझं आहे हे. स्वल्पविरामासकट."

उन्हाळ्यात कर्जतला त्याची सभा झाली. ताई उत्तर द्यायला गेल्या, मला बरोबर घेऊन. प्रश्न विचारायला उठल्या, तर तो स्टेजवरून खाली आला, सगळ्यांसमोर त्यांच्या पाया पडला आणि माइकमध्ये म्हणाला, "बाई, आजही पाठ आहे बघा." टाळ्या झाल्या. तो खोटं वागत नव्हता, हेच वाईट. ताई उभ्याच राहिल्या... मग खाली बसल्या. घरी येताना म्हणाल्या, "दुसरी बाजूही मीच लिहिली होती. ती आठवतच नाही." पुढे बरेच दिवस त्या आठवत बसायच्या. नवीन लिहा, मी म्हटलं. त्यांनी करून पाहिलं. विरोधाचीच वाक्यं सुचतात म्हणाल्या, पेन खाली ठेवला.

जुलैत एका सकाळी दुधाची पिशवी दारातच राहिली म्हणून मी किल्लीने घर उघडलं. ताई ओट्याजवळ पडलेल्या, तोंड वाकडं झालेलं. शेजारच्याच्या रिक्षात घातलं. पहिल्या दवाखान्यात खिडकीतल्या मुलीने वर न बघता विचारलं, कार्ड कुठलंय? मी म्हटलं, पेन्शनवाल्या आहेत. मग या योजनेत बसत नाहीत, पुढे न्या. पुढच्या ठिकाणी पुन्हा तेच, कार्ड कुठलंय. ताईंचा उजवा हात लुळा पडला होता. डावा मात्र सारखा हलत होता, बोटं जुळवून, घंटी वाजवल्यासारखा. शेवटी पनवेलला घेतलं, तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, अर्धांगाच्या झटक्यात असं होतं. असेल. फार उशीर केलात, असंही ते म्हणाले. ताई तिथून परत आल्या नाहीत.

शोकसभेत प्रशांत बोलला. चांगला बोलला, रडलाही. पुढच्याच आठवड्यात खालापूरच्या सभेत किमतीचं वाक्य पुन्हा होतं, आता "माझ्या दिवंगत बाई म्हणायच्या" असं पुढे लावून. मी उठून काय सांगणार होते? म्हणायच्या नाहीत, फक्त लिहिलं होतं? ऐकायला कोण थांबणार होतं?

शोकसभेला संगीताही आली होती. हायवेवरच्या हॉटेलात भाकऱ्या करते. भांडी हवी असतील तर ये, असं मी तिला सांगून ठेवलं होतं. ती सात तारखेला दुपारी आली. दोन पातेली आणि तवा बाजूला काढला. मी डबे पुसता पुसता विचारलं, ते भाषण आठवतंय का गं?

ती हसली. मग तवा खाली ठेवला, हात अंगाला सरळ लावले, ताई शिकवायच्या तसे, आणि सुरू झाली. गावची बोली गेली, एकदम ताईंची भाषा. अडखळली नाही कुठे. "आजारी माणूस दारात येतो, तेव्हा त्याला पहिला प्रश्न कोणता विचारायचा, यावर ते राज्य कसं आहे हे ठरतं. तो प्रश्न..."

आणि थांबली. मी फडकं हातात धरून वाट बघत राहिले.

"पुढं नाय काकी," ती म्हणाली. "तितंच थांबले होते. बाई घंटी धरून बसल्या, वाजवीतच नवत्या. मला वाटत होतं, वाजवली तर सुटेन."

ती गेल्यावर मी देव्हारा आवरला. घंटीला चिंच लावून घासली. ताईंच्या मुलाला फोन करून घंटीचं विचारलं, तर म्हणाला, "तुम्हीच ठेवा, काकू."

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणी उघडली. मी आत असले तर गिऱ्हाइकाला हाक मारावी लागते, म्हणून घंटी पुढच्या फळीवर ठेवली. पहिलं दळण तांदळाचं आलं. मी आत गिरणी चालू करून पट्टा बघत होते. बाहेर आले तर तो माणूस वैतागलेला, कधीची वाजवतोय म्हणाला. चालू गिरणीत मला काही ऐकू आलं नव्हतं.