बोंबलांच्या डब्यातले शेअर

सुक्या बोंबलांचा डबा उघडला की मला रेडिओ कंपनीचे शेअर आठवतात, कारण रेवदंड्याच्या आमच्या घरात ते कागद याच डब्यात ठेवलेले असत. नव्या शिडासाठी जमवलेल्या पैशांतून बाने ते घेतले होते. भाव दुप्पट झाला तेव्हा ज्या गुजराती शेटने ते दिले होते, तोच परत विकत घ्यायला दारात आला. बा म्हणाला, "मला काय इचारता? मासळी मी आणतो, इकायचं काम हिचं." आईने कागद बोटांनी दाबून पाहिला, नाकाशी नेला. "शेट, ह्यो माल ठेवला तर नासतो का?" शेट हसत सुटला. "बेन, कागद कसा नासेल?" "मंग आज कशाला इकू? पावसात होड्या बंद झाल्या की सुक्याला भाव चढतो, तवा या." पावसाआधीच कंपनी बुडाली. बा आईला एका शब्दाने बोलला नाही. नारळी पौर्णिमेनंतर जुन्याच शिडाला ठिगळं लावून तो दर्यावर गेला. एरवी होडी लागल्यावर टोपली घेऊन निघणारी आई त्या वर्षी रोज दुपारपासूनच किनाऱ्यावर उभी असायची. शीड टिकलं. डब्यात मी आता फक्त बोंबील ठेवते.