हेडनोटवर विसंबलेली फाइल

“खटला भरायची मुदत बारा दिवसांत संपतेय आणि तुझी फाइल निवांत झोपलीय,” मारेइके म्हणाली. ती माझी बॉस. रॉटरडॅमच्या आमच्या ऑफिसात मालाच्या नुकसानीचे दावे चालवतात. मी अठरा वर्षं तेच करतोय.

फाइल आइंडहोव्हनच्या नीलिमाताईंची. चिप कंपनीतली नोकरी सोडून त्यांनी तपासणीचं एक मशीन स्वतः बनवलं होतं. पहिलंच मशीन अमेरिकेला निघालं. जहाजातून सुखरूप उतरलं, पुढे रेल्वेत आपटलं. भरपाई मिळाली नाही तर दुसरं बनवणं त्यांच्या आवाक्याबाहेर होतं.

मी त्यांना सांगून बसलो होतो की घाई नको, अजून बराच वेळ आहे.

अमेरिकेत कायदा दुमजली आहे. वर साऱ्या देशाचा फेडरल, खाली त्या त्या राज्याचा. फेडरल सागरी कायद्यात खटल्याची मुदत एक वर्ष, राज्याच्या कायद्यात बरीच जास्त. मशीन जमिनीवर आपटलं, म्हणजे राज्याचा कायदा, असा माझा तर्क. आधाराला खालच्या कोर्टाचा एक निकालही होता. त्याची मी फक्त हेडनोट वाचली होती, म्हणजे निकालाच्या डोक्यावरचा सारांश. पुण्याच्या लॉ कॉलेजात आम्ही हेडनोटांवरच पास झालो. ती सवय इथवर आली.

मारेइकेने तो निकाल पाहिला.

“छान आहे. वारला कधी, ठाऊक आहे?”

“वारला?”

“सुप्रीम कोर्टाने नंतर वेगळं ठरवलंय. तू अंत्यविधीला नव्हतास वाटतं.”

नवा निकाल सरळ होता. जहाज आणि रेल्वे एकाच करारात असतील आणि प्रवास मुख्यतः समुद्राचा असेल, तर फेडरल कायदा मालाबरोबर जमिनीवरही चालत जातो. आमच्या करारात तर एक वर्षाची मुदत शेवटच्या स्टेशनापर्यंत लागू, असं छापलेलंच होतं. ते पानही मी वाचलं नव्हतं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. समोरच्याला, म्हणजे माल नेणाऱ्या कंपनीला, मेल करून मुदत वाढवून मागायची. बहुतेक जण देतात, पण द्यायलाच हवी असं नाही. मारेइकेने मेल टाकला आणि रोज फोन केला. नीलिमाताईंना मी एवढंच कळवलं, “जरा मुदत मागून ठेवतोय. असलेली बरी.” दहाव्या दिवशी होकार आला. पुढे तडजोड झाली. मागितलं होतं तेवढं मिळालं नाही, पण दुसरं मशीन उभं राहिलं.

नीलिमाताई नारळाच्या वड्या घेऊन ऑफिसात आल्या. सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट करून मराठीत म्हणाल्या, “साठ्यांनी डोळ्यांत तेल घालून तारीख सांभाळली हो.” त्या काय म्हणाल्या, असं मारेइकेने मला विचारलं.

“थँक यू म्हणतायत,” मी भाषांतर केलं.

चार वर्षं ते भाषांतर मला टोचत होतं. गेल्या महिन्यात फोन करून नीलिमाताईंना सगळं सांगितलं.

“म्हणजे वड्या मारेइकेच्या होत्या तर.”

“हो.”

“तिला किती दिल्यात?”

“एक.”

“अहो साठे,” त्या म्हणाल्या, “निदान तिथे तरी न्याय करायचात.”

आता निकाल हाती आला की मी आधी तो अजून लागू आहे का ते बघतो. आपल्या सोयीचा असला तर दोनदा बघतो.