पोटावर ठेवायचा कागद

एम.ए. व्हायला काय काय लागतं? माझ्या वेळी पोर्तुगीज विषयाला चार लेखी पेपर, एक प्रबंध आणि तोंडी परीक्षा लागायची. प्रबंध कुठंही न छापलेल्या जुन्या कागदावर हवा, आणि तो मूळ कागद तोंडी परीक्षा होईपर्यंत विद्यापीठाच्या कचेरीत जमा करायचा. एवढंच. ऐकायला किती सोपं! मेली ती शेवटची अट!

असा कागद उत्तनजवळच्या चौक गावात, आमच्या घरातच होता. पोर्तुगीज फिरंग्यांच्या वेळचा, क्रुसामागे पत्र्याच्या डबीत ठेवलेला. गावात कुणी बाळंतपणात अडली की आई तो घेऊन धावायची आणि तिच्या पोटावर ठेवायची. देवाच्या मायनं धाडलेलं पत्र आहे, असं सगळे म्हणायचे. वाचता कुणालाच येत नव्हतं. त्या कागदानं किती बाया सुटल्या, ते आई नावांनिशी सांगायची.

मी आईला म्हटलं, "आठ दिसांत परत आणतो." शुद्ध थाप. किती दिवस लागतील, मला कुठं ठाऊक होतं? तिनं डबी पदरानं पुसून हातात दिली. "जपून ने. तुज्या बहिणीला तिसरा म्हैना हाय."

कागद वाचला. त्यात प्रार्थनेची एक ओळ नव्हती. आमच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, सणाला कुठल्या होडीनं किती सुके बोंबील द्यायचे, त्याची यादी! प्रोफेसर मात्र बेहद्द खूश. मी घरी अवाक्षर काढलं नाही.

परीक्षक गोव्याहून यायचे होते. महायुद्ध सुरू झालेलं, बोटीचा भरवसा नाही, म्हणून तोंडी परीक्षा दोनदा पुढं गेली. इकडं माहेरी आलेल्या बहिणीला कळा सुरू झाल्या. पहिलंच बाळंतपण. रात्र गेली, सकाळ झाली, तरी सुटका नाही. सुईण म्हणाली, मूल आडवं आहे. वडील डॉक्टर आणायला भाईंदरला पळाले. आई माझ्यावर कडाडली, "उभा काय रायलास? कागद आण!"

मी मुंबई गाठली. कचेरीतल्या कारकुनानं नियम दाखवला. "प्रबंध मागे घेतो, असा अर्ज लिहून द्या. कागद आत्ता देतो." म्हणजे दोन वर्षांची मेहनत पाण्यात. मी टाक उचलला. मग मनाशी म्हटलं, अरे, बोंबलांची यादी ती, तिनं कुणाची सुटका होणार? टाक खाली ठेवला. काय शहाणा मी!

परत आलो तेव्हा मूल गेलं होतं. डॉक्टरनं बहिणीला कसंबसं जगवलं. आई महिनाभर माझ्याशी बोलली नाही. पुढं मी पास झालो आणि कागद परत मिळाला. तो घेऊन घरी आलो तेव्हा बहीण भिंतीला टेकून बसली होती.

"दादा, तू शिकलास ती भाषा. काय लिवलंय त्यात?"

खरं सांगितलं असतं तर मी सुटलो असतो. पण दारात शेजारीण उभी होती, नववा लागलेली. कागद आला असं ऐकून धावत आली होती.

"प्रार्थना हाय," मी म्हटलं. "अडलेल्या बाईसाठी."

बहीण भिंतीपासून सरळ झाली.

"मंग का न्हाय आणलास?"