खंडेनवमीला पुजलेलं पदक

उभा जन्म पिंपरीच्या कारखान्यात फिटर म्हणून काढलेल्या पद्माकरांना रिकामं बसणं ठाऊकच नव्हतं. मुलाकडे आयर्लंडमधल्या क्लोनडॉकिनला आल्यावर त्यांनी घरातल्या सगळ्या बिजागऱ्या आठवड्यात दुरुस्त केल्या. मग उरला शेजारचा मॅटी.

मॅटी गेगन पंच्याऐंशीचा, डोळ्यांनी जवळजवळ आंधळा. पद्माकरांचं त्याने परस्पर 'पॅडी' करून टाकलं होतं. चहाला बोलावून तो रोज एकच गोष्ट सांगे, वडिलांची. ते पोरवयात काकाबरोबर अर्जेंटिनाला गेले आणि मेंढ्या राखता राखता फुटबॉलमधले फॉरवर्ड झाले. डावा पाय असा, की गोलकीपर आधीच घाबरायचा. १९१६ मध्ये तिथल्या चषकाच्या अंतिम सामन्यात दोन गोल आणि चांदीचं पदक. पुढच्याच मोसमात घोटा मोडला, खेळ संपला. मग आयर्लंडला परत येऊन कागदाच्या गिरणीत मजुरी. ना फोटो, ना कात्रण. पदकावर कोरलेलं नाव तेवढं राहिलं होतं. मॅटी ते अंगठ्याने वाचायचा.

खंडेनवमीला पद्माकर दरवर्षी हत्यारं पुजत. यंदा त्यांची स्वतःची हत्यारांची पेटी पुण्यात राहिलेली. त्यांनी मॅटीकडे पदक मागितलं. "युवर फादर्स टूल. पूजा." मॅटीने विश्वासाने ते त्यांच्या हातावर ठेवलं.

पूजेला काळं पदक कसं ठेवायचं? चिंचेने डाग हलेनात. मग फिटरचा हात थांबतोय होय! झिरो नंबरचा पॉलिश पेपर काढला. पदक लखलखलं. झेंडू वाहून झाल्यावर सुनेने, मेधाने, ते उचलून पाहिलं.

"बाबा, यावर नाव होतं ना?"

पद्माकरांनी चष्मा चढवून पदक उजेडात धरलं. आधीच झिजलेली अक्षरं त्यांनी स्वतःच्या हाताने साफ घासून टाकली होती. आपण त्या माणसाचा बापच पुसला, असं त्यांना वाटलं. "सॉरी मॅटी, आय रब्ड द नेम," हे वाक्य त्यांनी दिवसभर घोकलं.

संध्याकाळी मॅटीने पदक हातात घेतलं. "चमकतंय का रे, पॅडी?"

"येस."

"ग्रँड." त्याचा अंगठा फिरला. पुन्हा फिरला. त्याने पदक उलटं करून चाचपलं, परत सुलटं केलं. मग हळूच म्हणाला, "डोळे गेले होतेच, आता बोटंही गेली बघ. बापाचं नाव हाताला लागत नाही."

घोकलेलं वाक्य ओठांपर्यंत आलं होतं.

"कोल्ड," पद्माकर म्हणाले, "व्हेरी कोल्ड टुडे." आणि मॅटीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन ते चोळत बसले.