काशिनाथ भावजी आणि हेमीचा सोफा

काशिनाथ भावजी जाऊन दोन महिने झाले, तरी आमची विनयाताई शेजारच्या हेमीवर अजून जळते. खोटं कशाला बोलायचं.

दोन हजार साली दोघं परदेशात, हिल्सबरोला मुलाकडे, अभिषेककडे राहायला आली. भावजी पोस्टातून रिटायर झालेले. ताईला वाटलं, आता नवरा दिवसभर आपलाच. पण पहिल्याच थंडीत कुंपणापलीकडून हेमीने त्यांना हात केला. हेमी म्हातारा माओरी, म्हणजे तिथल्या मूळच्या लोकांतला माणूस, बायको वारलेली, तरुणपणी रग्बी लीग खेळलेला. टीव्हीवर लीगचा एक कप लागायचा, जी टीम हरली ती बाहेर. भावजी पूर्वी पोस्टाकडून कबड्डी खेळायचे, पकडापकडीचा खेळ त्यांना लगेच कळला. झालं, कप चालू असला की दर रविवारी जेवणं आटपली की जँडल, म्हणजे तिथल्या रबरी चपला, घालून पसार.

"आपल्या घरात टीव्ही नाही का?" ताई विचारायची.

"आपल्याकडे ते चॅनल नाही गं."

अभिषेक म्हणला चॅनल घेऊ, तर हेच नको म्हणाले. ते ताईच्या मनात रुतून बसलं. त्यात एकदा हेमीने अभिषेकला सांगितलं, कबड्डीत तुझ्या बाबांचं खांद्याचं हाड मोडलेलं. एवढ्या वर्षांच्या बायकोला माहीत नाही आणि तोडक्या इंग्रजीत हेमीला मात्र सगळं सांगितलेलं!

दोन हजार सात साली फायनल आली तेव्हा ताईने त्याच रविवारी सत्यनारायण घातला. अल्बनीचे चंद्रहास गुरुजी, आठवडाभर कंप्युटरवर काम करायचे आणि सुट्टीला पूजा सांगायचे, ते सकाळी यायला तयार होते. हिने फोन करून मुद्दाम दुपार ठरवली. पूजेला जोडीने बसायचं असतं, उठून जाणार कुठं?

भावजी सोवळं नेसून बसले. तेवढ्यात दारात हेमी, इस्त्रीचा शर्ट, हातात फुलं. "किआ ओरा, विनया," म्हणत त्याच्या भाषेत नमस्कार केला आणि भिंतीला टेकून खाली बसला.

अभिषेक ताईच्या कानाशी आला. "आई, अंकल फायनल सोडून आलेत. कप बंद होतोय. ही शेवटचीच."

"शेवटची? तुला कुणी सांगितलं?"

"सगळ्यांना माहितीये. बाबा बोलले नाहीत?"

नव्हते बोलले. ताईला वाटलेलं, यंदा अडवलं तर काय झालं, पुढच्या वर्षी आहेच. तिसरा अध्याय चालू होता. "गुरुजी, जरा भरभर वाचा."

"काकू, देवाला घाई नसते."

"देवाला नसेल हो, मला आहे!"

आरती झाली, तीर्थ झालं. ताईने डब्यात शिरा भरला. "उठा."

"कुठं?" भावजी म्हणले.

"मॅचला. मीपण येणार."

अर्धी मॅच संपलेली. हेमीच्या सोफ्याजवळ भावजींचा चष्मा, घरी हरवला म्हणून सांगितलेला. भावजींचा वेगळा मग.

"दुसरा संसार मांडलाय की इथं," ताई म्हणली. भावजी हसले, सरकले आणि तिला मध्ये बसवलं. मग मराठीत सुरू झाले, हा बघ, आता पाडेल त्याला, सहा वेळा पाडलं की बॉल गेला. हेमी इकडून विचारतोय, काय म्हणतोस, काय म्हणतोस? भावजींना त्याच्याशी बोलायला सवड नाही. हेमीचं तोंड एवढंसं झालं. ते बघून ताईला इतकं बरं वाटलं की कोण जिंकलं त्याकडे तिचं लक्षच नव्हतं.

पुढच्या जूनमध्ये भावजी गेले. आता हेमी येतो, खुर्चीत बसून लहान पोरासारखा रडतो. ताई त्याला चहा देते, रुमाल देते. तो गेला की आमच्याकडे वळते.

"आठ वर्षं मिळाली त्याला," म्हणते. "मला अर्धी मॅच."