लांबून टाकलेल्या अक्षता

माझी बायको गराजमध्ये बसून पिस्तुलाच्या गोळ्या भरते. पुण्याच्या नातेवाइकांना हे पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा व्हिडिओ कॉलवर पलीकडे इतकी शांतता पसरली की मला वाटलं नेट गेलं. मग माझ्या मावशीने हळूच विचारलं, "तुमचं दोघांचं ठीक चाललंय ना रे?"

ठीकच चाललं होतं. आठवडाभर ती इथल्या, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबाच्या, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासते आणि रविवारी पिस्तूल क्लबात कागदी निशाणावर नेम धरते. लॅबमधली एक मैत्रीण तिला गंमत म्हणून घेऊन गेली होती. कॉलेजात एनसीसीत रायफल चालवलेली बाई, ती कसली परत येते! यथावकाश लायसन्स आलं, भिंतीत बोल्ट ठोकलेली तिजोरी आली, आणि दोन वर्षांनी गराजच्या कोपऱ्यात एक टेबल आणि त्यावर लोखंडी दांड्याचं प्रेस आलं. दुकानातली गोळी तिच्या पिस्तुलाला मानवत नाही म्हणे. मला तर दुकानातली चकलीही चालते, पण ते असो.

काम ऐकायला सोपं आहे. उडवलेल्या गोळ्यांच्या पितळी पुंगळ्या क्लबातून वेचून आणायच्या, धुऊन सोन्यासारख्या लख्ख करायच्या, बुडाशी ठिणगी पाडणारा नवा प्रायमर बसवायचा, आत मोजून दारू घालायची आणि वरून नवं शिसं दाबून बसवायचं. करायला मात्र माझ्यासारख्या माणसाला सात जन्म पुरायचे नाहीत. पुंगळ्या पन्नास-पन्नासच्या ट्रेमध्ये उभ्या करायच्या. दारू घालताना फोन बंद, रेडिओ बंद, नवरा बंद. मध्येच कुणी हाक मारली तर ती उत्तर देत नाही, भरलेला सगळा ट्रे परत डब्यात ओतते आणि पहिल्यापासून सुरुवात करते. ट्रे भरला की छोट्या टॉर्चने एकेका पुंगळीत डोकावून सगळीकडे दारूची पातळी सारखी आहे ना ते बघते. पन्नासच्या पन्नास. मी दिवसभर घरून कॉम्प्युटरवर काम करतो आणि माझ्या चुका दुसऱ्याने शोधाव्यात यासाठी आमच्या कंपनीत एक अख्खी टीम आहे. तिच्या टेबलावर टीम म्हणजे ती एकटी. मी दारात चहा घेऊन उभा राहायचो आणि नुसता बघत बसायचो. तेवीस वर्षांच्या संसारानंतर बायकोकडे असं बघत राहावंसं वाटणं ही काही लहान गोष्ट नाही.

या काटेकोरपणाला एक दुसरी बाजू होती, ती फक्त मला माहीत होती. तिच्या आईला पन्नाशीतच विसरायला होऊ लागलं. आधी भाजीत दोनदा मीठ, मग गॅस, मग माणसं. शेवटची दोन वर्षं तर लेकीलाच "आपण कुठल्या?" असं विचारायची. बायको गेल्या वर्षी पन्नाशीची झाली. केक कापून झाल्यावर ती मला म्हणाली होती, "ज्या दिवशी त्या टेबलावर माझ्या हातून चूक होईल, त्या दिवशी मी समजेन." तेव्हापासून ते टेबल म्हणजे तिची दर आठवड्याची परीक्षा झाली, आणि ती दर आठवड्याला पास होत होती.

आता माझा पराक्रम. खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारं-अवजारं पूजायची पद्धत. ती शिफ्टला गेली होती. मी गाडीला हळदकुंकू लावलं, लॅपटॉपवर फूल ठेवलं, गवत कापायच्या मशीनलाही सोडलं नाही. मग गराजमध्ये गेलो. घरात खरं हत्यार म्हणावं असं काही असेल तर त्या टेबलावर, आणि त्याचीच पूजा नाही हे मला पटेना. पिस्तूल, दारू, प्रायमर सगळं तिच्या किल्लीत बंद. बाहेर होतं ते प्रेस आणि शेजारी धुऊन उभ्या केलेल्या रिकाम्या पुंगळ्यांचे तीन ट्रे. पण टेबलाला हात लावायचा नाही असा घरात कायदा आहे. मी कायदा मोडला नाही. चार पावलांवर उभा राहिलो, डोळे मिटून नमस्कार केला, आणि लग्नात टाकतो तशा लांबूनच अक्षता टाकल्या. नुसता तांदूळ, कुंकवाचा हातही नाही. टेबलावर दिसले ते दाणे फुंकरीने खाली पाडले, केर काढला आणि विसरलो.

शनिवारी सकाळी ती गोळ्या भरायला बसली. दीडशे भरायच्या होत्या, कारण पुढच्या रविवारी क्लबाची मोठी मॅच होती. तिने दोन ट्रे पूर्ण केले. मी चहा घेऊन दारात पोचलो तेव्हा तिसऱ्या ट्रेवर टॉर्च होता आणि तो एका पुंगळीवर थांबला होता. त्या एकीत दारू केसभर वर दिसत होती. तिने ती पुंगळी कागदावर पालथी केली. दारूबरोबर तांदळाचा एक पांढरा दाणा बाहेर आला.

तो दाणा तळाशी आडवा बसला असता तर दारू धड पेटली नसती, शिसं नळीतच अडकलं असतं, आणि पुढच्या गोळीला पिस्तूल तिच्या हातात फुटलं असतं. हे तिनेच मला कधीतरी समजावलं होतं. ती दाण्याकडे बघत राहिली. मग तिने पलीकडे पाहिलं. ब्रिस्बेनहून आणलेलं वीस किलोचं तांदळाचं पोतं आमच्या गराजमध्येच असतं.

"मी तांदूळ काढून इथे आले असणार," ती म्हणाली. "हातात माप घेऊन. आणि मला आठवतच नाहीये."

मी त्या क्षणी बोलायला हवं होतं. माझ्या हातात चहा होता, तोंडात वाक्य होतं, आणि मी म्हणालो, "अगं, होतं असं. डोन्ट वरी." का? भ्यालो म्हणून. तिच्या रागाला भ्यालो. एवढं साधं आणि एवढं लाजिरवाणं कारण. तिने दारू कपाटात ठेवून कुलूप लावलं, प्रेसवर जुनी चादर टाकली आणि आत गेली. दुपारी वरणभात खाताना तिने भाताकडे दोनदा पाहिलं आणि ताट बाजूला सारलं.

रविवारी सकाळी माझा फोन वाजला. आमचं कॅलेंडर एकच आहे, मीच मोठ्या हौसेने जोडून दिलेलं. त्यात तिने नवीन नोंद केली होती. मंगळवार, सव्वादहा, डॉक्टर. आणि पुढे एकच शब्द, मेमरी.

तसाच उठून गराजमध्ये गेलो. ती कालच्या शंभर गोळ्या एकेक करून उघडत होती. त्यासाठी हातोडीसारखं एक हत्यार असतं. त्यात गोळी अडकवून ठोकलं की शिसं सुटतं आणि दारू मोकळी होते. उद्ध्वस्त करायचं कामही ती तितक्याच नीट करत होती.

"तांदूळ मी टाकला," मी म्हणालो.

"काय?"

"अक्षता. खंडेनवमीला. तू शिफ्टला होतीस. टेबलाला हात नको म्हणून लांबून टाकल्या."

हातोडी थांबली. "किती?"

"चिमूटभर."

"काल का नाही बोललास?"

"घाबरलो."

ती स्टुलावर बसली. मी ओरडा खायची तयारी केली होती. पण तिने दोन्ही हात चेहऱ्यावर घेतले आणि रडायला लागली. तिला असं रडताना मी तिची आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं. मी जवळ जाऊन उभा राहिलो. पाठीवर हात ठेवावा की नाही, तेही मला कळेना.

"मला वाटलं, सुरू झालं," ती म्हणाली. "रात्रभर मी तुझा मोबाइल नंबर पाठ म्हणत होते रे. विसरले तर नाही ना, बघायला."

मी सॉरी म्हणालो. तीन-चारदा म्हणालो. तिने बाहीने डोळे पुसले, फोन घेतला आणि मंगळवारची नोंद काढून टाकली. मग हातोडी उचलली.

"अजून एकोणचाळीस आहेत. कशाला हात लावू नकोस. तिथे उभा राहून नुसतं मोज."

मी मोजत राहिलो. शंभरात आणखी दोन दाणे निघाले, इतके बारीक की टॉर्चच्या उजेडात पातळीचा फरक कुणालाच दिसला नसता. तिने तिन्ही दाणे प्रायमरच्या रिकाम्या डबीत टाकले, डबी प्रेसच्या मागे ठेवली आणि चादर ओढून काढली.

"रागाव ना मला," मी म्हणालो. मला आता ते सोसवेना.

"रागावणार आहे. चांगली रागावणार आहे," ती म्हणाली. "पण उद्या. आज मला जरा खूश राहू दे."

सोमवारी शिफ्टला निघण्याआधी तिने शब्द पाळला. गराजच्या दारात उभं राहून पूर्ण वीस मिनिटं, एकही मुद्दा न विसरता, क्रम न चुकवता, अगदी आमच्या लग्नात मी घातलेल्या हाराच्या घोळापासून. आयुष्यात इतक्या आनंदाने मी कधी बोलणी खाल्ली नव्हती.